चार बाजूंचे नाणे

प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडताच जांभई येते. सभेचे अध्यक्ष ते म्हणतात, नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थी करणारे काका म्हणतात आणि भाडे वाढवायला आलेला घरमालक तर हमखास म्हणतो. माझ्यापुरते सांगायचे तर नाण्याची एकच बाजू माझ्या ओळखीची आहे. ती म्हणजे त्याची पाठ. जेव्हा पाहावे तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून दुसऱ्याच्या खिशाकडे निघालेले असते.

त्यामुळे चार बाजू असलेले नाणे आपल्याच नाशिक जिल्ह्यात सापडले आहे, असे वाचल्यावर मी पुस्तक मिटून आधी चहा मागवला. दोनच बाजूंनी ज्याला आयुष्यभर नाचवले, त्याने चार बाजूंना तोंड द्यायचे म्हणजे पोटात काही हवे.

हकीकत अशी. गोदावरीच्या काठी जोगळटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. साठा म्हणजे किती? आमच्या घरी शंभर रुपयांची मोड सापडली तरी आम्ही तिला साठा म्हणतो. जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी निघाली. रेव्हरंड स्कॉट नावाच्या गृहस्थांनी १३,२५० नाणी एकेक करून तपासली. किराणा दुकानदाराने दिलेले सुटे पैसे मोजताना माझे दोनदा चुकते आणि तिसऱ्यांदा मी “बरोबर असतील हो” म्हणून खिशात टाकतो. त्यामुळे ह्या गृहस्थांविषयी मला फार आदर वाटतो.

तर ह्या १३,२५० नाण्यांवर मुळात नाव होते नहपान राजाचे. हा क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप. गुजरातेतले भडोच बंदर, कोकणचा किनारा आणि आपला नाशिक-जुन्नरचा मुलूख ह्याच्या ताब्यात होता. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. नेमकी साले कोणती, ह्यावरून विद्वान मंडळी शंभर-सव्वाशे वर्षे भांडत आहेत. आपण मध्ये पडू नये.

नहपानाचे नाणे म्हणजे जेमतेम दोन ग्रॅमचा चांदीचा तुकडा, ग्रीक राजांच्या नाण्यांच्या धाटणीचा. एका बाजूला उजवीकडे तोंड केलेला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. मजकूर तीन लिप्यांत : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. हे वाचून मला आधी वाटले, हे आपले त्रिभाषा सूत्रच की! पण तसे नाही. भाषा तिन्हीकडे एकच, प्राकृत. फक्त लिप्या तीन. “राजा क्षहरात नहपानाचे” एवढेच तिन्हीकडे सांगितले आहे. ग्रीक अक्षरे कोरणाऱ्या कारागिराला ग्रीक किती येत होते ते त्या अक्षरांवरून दिसते. पुष्कळ नाण्यांवर ती नुसती लहान मुलाने गिरवल्यासारखी आहेत. परकी लिपी पाटीवर असली म्हणजे दुकानाला वजन येते, वाचता आली नाही तरी चालते, ही समजूत आजची नव्हे.

चेहऱ्याची गंमत आणखी वेगळी. एका नाण्यावर नहपान तरुण, दुसऱ्यावर म्हातारा. कुठे गाल भरलेले, कुठे बसलेले, आणि नाक तर नाण्यागणिक वेगळे. स्कॉटसाहेबांनी तर असा तर्क केला की हे एका माणसाचे चेहरे नसून घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे असावेत. माझ्याजवळ निवडणुकीचे ओळखपत्र, वाहन परवाना आणि आधार कार्ड अशी तीन छायाचित्रे आहेत. ती तिन्ही शेजारी ठेवली तर स्कॉटसाहेबांनी माझेही एक घराणे काढले असते.

ह्या नहपानाला एक जावई होता. नाव उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. जावयाला आपल्याकडे दहावा ग्रह म्हणतात, तो सासऱ्याच्या खजिन्यावर वक्री होतो म्हणून. हे जावईबापू मात्र दानाच्या बाबतीत वक्री होते. नाशिकच्या पांडवलेण्यांत (जिथे पांडवांचा काडीइतका संबंध नाही) त्यांनी आपल्या दानांची यादीच दगडात कोरून ठेवली आहे. तीन लाख गाई दिल्या. वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण. प्रभासक्षेत्री आठ ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट होड्या. देवाब्राह्मणांना ७०,००० कार्षापण दिले आणि त्याचा हिशेबही लगोलग सांगून टाकला : पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे दोन हजार सुवर्ण झाले. सोन्याचा भाव दगडात कोरून ठेवणारा हा पहिला माणूस नसेल, पण माझ्या वाचनातला तोच पहिला. आपल्याकडे भाव पाटीवर खडूने लिहितात, कारण संध्याकाळी बदलायचा असतो.

पण मला सगळ्यांत आवडते ती त्याची मुदत ठेव. वर्ष ४२च्या लेखात ती आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण ठेवले, आणि ठेवले कुठे? तर गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० ठेवले, शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दल कधीही परत मागायचे नाही, व्याज तेवढे खायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वर्षावासात राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण. बारा विसे दोनशे चाळीस. हिशेब पैशापैशाला जुळतो! मी कागदावर करून पाहिला आणि सौभाग्यवतीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, “मग आपल्या वाण्याचा हिशेब एवढा जुळवा ना.” सर्वसाधारण माणसाला अभिलेखशास्त्राची गोडी का लागत नाही, ते मला त्या दिवशी समजले.

व्याजाच्या दराकडेही पाहा. शेकडा एक महिन्याला, म्हणजे सालाना बारा टक्के. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त मिळतो ह्या आनंदात बँकेच्या रांगेत उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाचू नये हेच बरे.

आता एवढे दान करणारे घर लढाईत पडले कसे? जैन ग्रंथांत एक कथा आहे. भडोचचा नहवाण राजा खजिन्याने श्रीमंत, पैठणचा शालिवाहन सैन्याने. शालिवाहन दर वर्षी येऊन वेढा घाली आणि हात हलवत परत जाई, कारण शत्रूच्या सैनिकांना मारणाऱ्याला नहवाण रोख बक्षीस देई. पैठणकडे रोख कुठून येणार? शेवटी शालिवाहनाने आपल्या प्रधानाला खोटेखोटे हाकलून दिले. तो भडोचला गेला, राजाच्या मर्जीत बसला आणि त्याला पुण्याचा मार्ग दाखवू लागला. देवळे बांधा, स्तूप बांधा, तळी खणा, विहिरी खणा. राजाने सगळे केले. खजिना रिकामा झाला, तेव्हा शालिवाहन आला आणि नगर घेऊन गेला. कथा ती कथा, तिला पुरावा मागू नये. पण जावईबापूंची ती दगडातली यादी वाचल्यावर वाटते, कथा रचणाऱ्याने यादी पाहिली असावी.

पैठणकडे रोख नव्हती, ह्यात मात्र तथ्य आहे. सातवाहनांची नाणी पाहिली तर ती बहुतेक शिशाची, तांब्याची, नाहीतर पोटीन नावाच्या मिश्रधातूची. त्यांवर हत्ती आहे, डोंगर आहे, चार टोकांना चार वर्तुळे असलेले ‘उज्जैन चिन्ह’ आहे, आणि पूर्व किनाऱ्याकडच्या काही नाण्यांवर तर डोलकाठ्यांचे जहाज आहे. बाजारहाटाची, कष्टकऱ्यांच्या हातातली नाणी ही. शिशाची नाणी खिशात घालून हिंडायचे म्हणजे खिसाच आधी फाटायचा. पण त्यांना खिसे नव्हते, कनवटी होती. चांदी होती ती समुद्राच्या बाजूला. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये भडोचला काय काय उतरत होते ते आहे : दारू, तांबे, कथील, शिसे, आणि रोमची सोन्याचांदीची नाणी, जी बदलून घेताना चांगला नफा सुटे. राजासाठी खास नजराणे : चांदीची भांडी, गाणारी मुले, सुंदर मुली आणि उंची दारू. आणि सातवाहनांच्या कल्याण बंदरात चुकून ग्रीक जहाज आलेच, तर त्याला पहारा लावून भडोचला नेत. म्हणजे नळ त्यांच्या अंगणात आणि आम्ही हंडा घेऊन उभे. चाळीत राहिलेल्या माणसाला ह्या युद्धाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

ह्या नळाचा निकाल गौतमीपुत्र सातकर्णीने लावला. त्याने नहपानाचा पाडाव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिने पुढे नातवाच्या कारकिर्दीत पांडवलेण्यांतच लेण्याचे दान करून मुलाचे गुणवर्णन कोरून घेतले. आईने केलेले मुलाचे वर्णन म्हटल्यावर त्यात काही कमी असणार नाही हे उघड आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यालेले, रूप चंद्रासारखे, कर घेतले ते धर्माला धरूनच, आईची सेवा अखंड. ह्या वर्णनात दोन गोष्टी शेजारी नांदतात. एक, त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला. आणि दुसरी, अपराधी शत्रूचीही हिंसा करण्याची त्याला आवड नव्हती. आयांना अशा दोन गोष्टी एका दमात म्हणता येतात. “आमचा बाळू कुणाच्या अध्यात ना मध्यात” असे म्हणणारी माउली आणि बाळूने फोडलेल्या काचा, हे दोन्ही मी जवळून पाहिले आहे.

पण ह्या खेपेला माउली अगदीच खोटे बोलत नव्हती, आणि त्याला साक्ष आहे जोगळटेंभीच्या नाण्यांची.

जिंकलेल्या राजाने हरलेल्याच्या नाण्यांचे काय करावे? सरळ मार्ग म्हणजे वितळवावीत आणि आपली पाडावीत. गौतमीपुत्राने तसे केले नाही. त्याने नहपानाचे नाणे घेतले, ऐरणीवरच्या ठशावर ठेवले, वरून दुसरा ठसा धरला आणि हातोडा मारला. एका अंगाला डोंगर आणि त्याच्याभोवती “गौतमीपुत्र श्री सातकर्णीचे” अशी ब्राह्मी अक्षरे, दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह. त्या साठ्यातली ९,२७०च्या वर नाणी अशी पुन्हा छापलेली आहेत, म्हणजे दहांतली सात. पण हातोडा तो हातोडाच. खालचा छाप पुरता जात नाही. डोंगराच्या कडेने नहपानाचे नाक बाहेर राहते. अक्षरांच्या मधून त्याची हनुवटी डोकावते. उलटे करावे तर उज्जैनच्या वर्तुळाखालून बाणाचे टोक. अशा चार बाजू. नाण्यावर अगोदर आईचे नाव, मग मुलाचे आणि खाली शत्रूचे तोंड.

आता ह्यात काटकसर होती हे खरेच. वितळवायचे म्हणजे कोळसा आला, मजुरी आली, घट आली, आणि सोनारांची टाकसाळ म्हटल्यावर घटीला मर्यादा नसते. पण मला वाटते, हातोड्याच्या त्या एका घावात आणखी काही सांगितलेले होते, आणि ते ज्याच्या हातात नाणे होते त्याच्यासाठी होते. राजा बदलला हे तर वरच्या छापावर दिसतेच. खालचा तुकडा मात्र तोच, चांदी तीच, वजन तेच. म्हणजे बाबा रे, तुझे पैसे बुडाले नाहीत.

ही गोष्ट लहान वाटते. मलाही वाटली असती, पण मी माझ्या आत्याला पाहिले आहे. २०१६ साली ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरायच्या होत्या. आत्याला विचारले, “तुझ्याजवळ काही आहे का गं?” ती म्हणाली, “माझ्याजवळ काय असणार, अरे?” होळीला तिची जुनी गोधडी उसवली, तेव्हा अस्तरातून पाचशेच्या अकरा नोटा निघाल्या. आपल्या दिवसांचा खर्च भावाच्या मुलांवर पडू नये म्हणून तिने त्या शिवून ठेवल्या होत्या आणि मग विसरली होती. मुदत संपल्याचे सांगितले तर तिला पटेना. तिने नोट उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाली, “अरे, पण गांधीबाबा तर आहे की ह्यावर तस्साच!”

मी तिला काय सांगणार? नोटेवरचा चेहरा शाबूत होता, एक सुरकुती नव्हती, आणि नोट मेली होती. नहपानाच्या तोंडावर हातोडा बसला होता आणि नाणे चालत होते. कागदाच्या पोटात दुसऱ्याच्या शब्दाखेरीज काही नसते. शब्द मागे घेतला की उरतो तो रंगीत कागद. चांदीच्या पोटात चांदी असते, राजा कोणीही येवो. अर्थात म्हणून आता चांदीची नाणी घेऊन भाजी आणायला जावे असे माझे म्हणणे नाही. दोन ग्रॅमच्या चिमुकल्या नाण्याला आमच्या भाजीवाल्याने “सुटे द्या” म्हणूनच सांगितले असते. एवढेच की राज्य उलथल्यावर गोधडीत शिवून ठेवणाऱ्याचे काय होते, ह्यावरून राज्य घेणाऱ्याची पारख करावी. त्या परीक्षेत गौतमीपुत्राला मी पास करतो.

शंभरपैकी शंभर देत नाही. जमिनीच्या बाबतीत त्याचा कारभार आपल्या ओळखीचाच होता. विजयानंतर, वर्ष १८मध्ये, गोवर्धनच्या अमात्याला त्याचा हुकूम गेला की आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. झाले! दान जाहीर झाले, दगडात कोरले गेले. वर्ष २४मध्ये त्याच भिंतीवर दुसरा हुकूम. तो ‘जिचा पुत्र जिवंत आहे’ अशा राजमातेच्याही नावाने निघालेला. त्यात म्हटले आहे की पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या आमच्या शेतातले १०० निवर्तने आता द्यावे. म्हणजे ओसाड प्लॉट मंजूर झाला, सहा वर्षे फाइल फिरली, आणि आईने लक्ष घातले तेव्हा निम्म्यावर तडजोड झाली. एरवी जो राजा तीन समुद्रांपर्यंत पोहोचतो, त्याला आपल्याच तालुक्यात शेत कसले जाते की नाही ते सहा वर्षांनी कळते. हे वाचल्यापासून मला सातवाहन अगदी घरचे वाटू लागले आहेत.

आणि शेवटी गंमत ही, की ज्याचे तोंड ठोकून काढले त्याची सवय मात्र ह्या घराने उचलली. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि पुढे यज्ञ सातकर्णी ह्यांनी चांदीची नाणी पाडली ती नहपानाच्याच थाटाची, एका बाजूला राजाचा चेहरा. हत्ती-डोंगरावर भागवणाऱ्या घराला फोटो काढायची हौस लागली! सुधारणा एवढीच की लिप्यांचा देखावा न करता एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषा घातली. म्हणजे खरोखर दोन भाषांच्या प्रजेला कळेल असे नाणे निघाले. भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे मिळाले. बुद्धाच्या अवशेषांबरोबर कोणीतरी ते ठेवले होते.

संग्रहालयात काचेमागे मी ते ठोकलेले नाणे पाहिले. पाहिले म्हणजे, चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला लावून पाहिले. तेव्हा शेजारच्या चौकीदाराने “काचेला टेकू नका” म्हणून सांगितले. खाली चिठ्ठीवर नाव गौतमीपुत्र सातकर्णीचे होते, आणि डोंगराच्या खालून नहपान एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. नाणे वितळवले असते तर त्याचे हे हजारो चेहरे मुशीत गेले असते. त्याचे नाक कसे होते ह्यावर भांडायलाही मग विद्वानांजवळ फारसे काही राहिले नसते. ज्याने पुसायला घेतले त्यानेच त्याला टिकवले, असा हा प्रकार आहे. नाणे कोणाचे म्हणायचे, जिंकणाऱ्याचे की हरणाऱ्याचे, हा प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्याला पडला असेल.

गोवर्धनच्या कोष्ट्याला तो पडला नसावा. त्याने ते नाणे दगडावर आपटून नाद ऐकला असेल, तळहातावर तोलून पाहिले असेल, आणि कनवटीला लावून पुन्हा मागावर जाऊन बसला असेल.